यशवंतरावांचे एक पत्र आणि दोन तह

वाचकहो, इंदूरच्या जुन्या मराठी घरांत यशवंतराव होळकरांचे नाव निघाले की पाठोपाठ लढायांची नावे येतात : हडपसर, मुकुंदरा, डीग, भरतपूर. लढाया संपल्यावर हा शिपाईगडी त्या लढायांविषयी काय म्हणाला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. सुदैवाने ते त्यांनी लिहून ठेवले आहे. नागपूरच्या व्यंकोजी भोसल्यांना त्यांनी १५ फेब्रुवारी १८०६ रोजी धाडलेले पत्र इतिहासाच्या ग्रंथांतून वारंवार उद्धृत होते. बियास नदीकाठी राजपूरघाट येथे इंग्रजांशी तह झाला तो २४ डिसेंबर १८०५ रोजी. म्हणजे तहाला दोन महिनेही झाले नव्हते आणि यशवंतराव तिशीच्या उंबरठ्यावर होते. या पत्रात काय आहे, त्यातले किती खरे ठरले आणि त्याचा तुमच्या-आमच्या इंदूरशी संबंध काय, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

आधी युद्ध थोडक्यात आठवू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्याहून निघाले ते अखेर इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. पेशव्यांच्या पदरी इंग्रजांची तैनाती फौज आली. हा तह मान्य नसलेले दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले १८०३ च्या ऑगस्टपासून इंग्रजांशी लढले. असई, लासवारी आणि अडगाव इथे त्यांचा मोड झाला. डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला तह केले. त्या पाच महिन्यांत यशवंतराव या युद्धात उतरले नाहीत.

त्यांची पाळी एप्रिल १८०४ मध्ये आली. त्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीपलीकडे पुढे आली होती. ती मागे फिरली आणि आग्र्यापर्यंत तिची दाणादाण उडाली. फुगलेल्या नद्या, होड्यांचा अभाव, संपलेले धान्य आणि पाठीवर होळकरांचे स्वार, असा तो प्रकार होता. ऑक्टोबरात यशवंतरावांनी दिल्लीला वेढा घातला, पण दिल्ली पडली नाही. नोव्हेंबरात डीगची लढाई झाली आणि चारच दिवसांनी फर्रुखाबादेजवळ जनरल लेकने त्यांच्या घोडदळावर अचानक झडप घातली. पुढे जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये लेकने भरतपूरच्या किल्ल्यावर चार हल्ले केले. चारही फसले आणि त्याची तीन हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. तरीही भरतपूरच्या राजाने एप्रिलमध्ये इंग्रजांशी वेगळा तह केला. यशवंतराव सबळगढला दौलतराव शिंद्यांना भेटले. काही दिवस दोघे एकत्र राहिले, पण नोव्हेंबर १८०५ मध्ये शिंद्यांनीही आपला वेगळा करार उरकला. मग यशवंतराव सतलज ओलांडून पंजाबात गेले. रणजितसिंग आणि इतर शीख सरदार यांनी लढाईत पडायचे नाकारले. लेकची फौज बियासच्या काठी येऊन उभी राहिली आणि तिथे युद्ध संपले.

आता पत्राकडे वळू. त्याचा आशय असा आहे. मराठी दौलत परक्यांनी ग्रासली. तिला सोडवण्यासाठी अडीच वर्षे रात्र म्हटली नाही की दिवस म्हटला नाही, जे होते ते पणाला लावले. दौलतराव शिंद्यांना समक्ष भेटून सांगितले की सर्वांनी मिळूनच हे निवारण होईल, पण त्यांनी साथ दिली नाही. वडिलांनी दौलत उभी केली ती एकमेकांच्या भरवशावर, आता मात्र आपण सगळेच आपापले पाहणारे झालो. तुम्ही मदतीला येतो असे लिहिले होते, ते झाले नाही. ठरल्याप्रमाणे तुम्ही बंगालवर चालून गेला असता, तर इंग्रजांचे हातपाय जागच्या जागी लुळे पडले असते. आता झाल्या गोष्टी बोलून उपयोग नाही. चहूकडून एकटा पडलो, तेव्हा इंग्रजांच्या वकिलांनी आणलेले बोलणे स्वीकारले आणि युद्ध आटोपले.

पत्र एवढेच आहे, आणि त्यात काय नाही तेही पाहण्यासारखे आहे. मॉन्सनचा पाठलाग केल्याची फुशारकी नाही. तहात काय मिळाले याचा हिशेबही नाही. आपण हरलो की जिंकलो, हा प्रश्नच ते घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीने युद्धाचा निकाल एका गोष्टीवरून ठरला : शेवटी सोबत कोण उरले? कोणीच नाही. म्हणून तह कितीही बरा पदरात पडला, तरी पत्राचा सूर जिंकलेल्या माणसाचा नाही.

पण शिपायाचे पत्र वाचताना त्यालाही दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला प्रश्न अडीच वर्षांचा. फेब्रुवारी १८०६ पासून अडीच वर्षे मागे गेलो की आपण ऑगस्ट १८०३ वर येतो. याच महिन्यात शिंदे-भोसल्यांचे युद्ध सुरू झाले होते. म्हणजे ते युद्धही यशवंतराव आपल्याच लढ्यात धरतात. असईला आणि अडगावला मात्र त्यांचे स्वार नव्हते. व्यंकोजी भोसले स्वतः अडगावच्या रणात होते. पत्र हाती पडल्यावर त्यांना त्या दिवसाची आठवण झाली नसेल, असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा प्रश्न, भोसले आले का नाहीत? देवगावच्या तहात कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड त्यांच्या हातून गेले होते. एल्फिन्स्टन इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून नागपुरात बसला होता. बंगालकडे जाण्याची वाट कटकावरून होती आणि नेमके तेच दार बंद झाले होते. १८०३ मध्ये होळकर आले नाहीत म्हणून भोसले दुबळे झाले, आणि भोसले दुबळे झाले म्हणून १८०५ मध्ये होळकर एकटे पडले. दोष एकाच्या पदरात टाकायला जाल तर तो लगेच दुसऱ्याच्या पदरात जातो.

यामागे जुनी वैरेही होती. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले गेले. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैन लुटले आणि पाठोपाठ शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून जाळले. अशा माणसांनी दोन-तीन वर्षांत एकमेकांवर भरवसा टाकावा, ही अपेक्षा मोठीच होती. म्हणून पत्रातला ‘आपण सगळेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘तुम्ही सगळे’ असे यशवंतराव लिहीत नाहीत. सबंध पत्र दुसऱ्यांना दोष देत जाते, पण या एका ठिकाणी ते स्वतःलाही त्याच पंगतीत बसवतात.

आता तह पाहू. निकाल कळायचा तर कलमे वाचायलाच हवीत. राजपूरघाटची बोलणी इंग्रजांतर्फे जॉन माल्कम आणि होळकरांतर्फे शेख हबीबुल्ला व बाळाराम शेट यांनी केली. यशवंतरावांनी टोंक, रामपुरा, बुंदी आणि बुंदीच्या डोंगरांच्या उत्तरेकडील ठिकाणांवरचा हक्क सोडला. चंबळेच्या दक्षिणेकडच्या त्यांच्या जुन्या मुलखात कंपनीने हात घालायचा नाही असे ठरले. चांदवड, गाळणा वगैरे दक्षिणेतली ठाणी त्यांचे वर्तन पाहून अठरा महिन्यांनी परत द्यायची होती. कंपनीच्या संमतीवाचून युरोपियनांना चाकरीत ठेवायचे नव्हते. सर्जेराव घाटग्यांना पदरी घ्यायचे नाही, असेही एक कलम होते. इंदूर जाळणाऱ्याला इंदूरच्या धन्याने आश्रय देऊ नये, अशी अट इंग्रजांना लिहून घ्यावी लागली, यावरून त्या काळची उलथापालथ लक्षात येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तैनाती फौज नव्हती, दरबारात रेसिडेंट नव्हता आणि खंडणीही नव्हती. फेब्रुवारी १८०६ मध्ये गव्हर्नर जनरल बार्लोने वर आणखी सवलत दिली आणि टोंक-रामपुरा होळकरांकडेच राहू दिला.

लढाईत जेरीस आलेल्या माणसाला इतके का मिळाले? मॉन्सन आणि भरतपूर यांची धास्ती हे एक कारण, पण मोठे कारण लंडनमध्ये होते. कंपनीचे कर्ज वाढले होते. युरोपात नेपोलियनशी झुंज चालू होती. राजपूरघाटचा तह झाला त्याच महिन्यात ऑस्टरलिट्झची लढाई झाली. संचालकांना हिंदुस्थानातली खर्चिक युद्धे नको झाली होती. वेलस्लीला परत बोलावले गेले. त्याच्या जागी आलेला कॉर्नवॉलिस ऑक्टोबर १८०५ मध्ये गाझीपूरला वारला आणि बार्लोने तेच धोरण पुढे नेले. लेकला हा तह रुचला नव्हता. रणात उभ्या असलेल्या दोन्ही सेनापतींना युद्ध अर्धवट सुटल्यासारखे वाटत होते. फरक एवढाच की लेकच्या पाठीशी एक राज्य होते, ते दमले तरी पुन्हा उठणार होते. यशवंतरावांच्या पाठीशी फक्त यशवंतराव होते.

या तहाची किंमत आणखी कोणी तरी दिली, तेही सांगायला हवे. इंग्रजांनी जयपूर आणि बुंदीवरचे आपले छत्र काढून घेतले. मॉन्सन पळत असता बुंदीच्या राजाने त्याला मदत केली होती, तरी त्याला वाऱ्यावर सोडले. होळकर-शिंद्यांना जी मोकळीक मिळाली ती राजपुतान्यातल्या लहान राज्यांच्या अंगावर पडली. पुढची बारा वर्षे तिथे खंडण्या, लूट आणि जाळपोळ थांबली नाही. आपल्या घरांत होळकरशाहीचा अभिमान जरूर असावा, पण मेवाड-हाडोतीच्या गावकऱ्याच्या आठवणीत ही वर्षे वेगळी आहेत, हेही माहीत असावे.

इथे ‘तह’ आणि ‘शांतता’ या दोन शब्दांतला फरक लक्षात घ्या. तह कागदावर होतो, त्याला तारीख असते. शांतता येते तेव्हा तारीख सांगता येत नाही, कारण तिला घडायला वेळ लागतो. युद्धावर वाढलेल्या माणसांना दुसरी भाकरी मिळावी लागते. यशवंतरावांनी तह मिळवला, पण ही दुसरी गोष्ट त्यांना साधली नाही, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही.

झाले असे की युद्ध संपताच फौज डोईजड झाली. लढाई चालू असताना स्वार लुटीवर आणि आशेवर थांबतो, तह झाला की तो पगार मागतो. थकलेल्या पगारासाठी होळकरांच्याच फौजेने बंड केले. पुतण्या खंडेरावाला ओलीस देण्यापर्यंत पाळी आली. ज्यांची चाकरी सुटली असे पुष्कळ स्वार पेंढाऱ्यांत मिसळले. होळकरशाही पेंढारी आणि शिंदेशाही पेंढारी ही नावेच सांगतात की ते कोणत्या आसऱ्याने वाढले.

यशवंतरावांनी स्वतः काय केले? त्यांनी भानपुऱ्यात तोफा ओतायला सुरुवात केली. माल्कमने पुढे मध्य हिंदुस्थानावर लिहिलेल्या आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले आहे की यशवंतराव भट्टीपाशी स्वतः राबत. तहाला ते विश्रांती समजत होते, शेवट नव्हे, हे यातून उघड होते. पण शरीराने आणि मनाने साथ दिली नाही. १८०८ च्या सुमारास त्यांचे मन थाऱ्यावर राहीना आणि २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचा अंत झाला. वय पुरते पस्तीसही नव्हते. मागे अल्पवयीन मल्हारराव, कारभार पाहणाऱ्या तुळसाबाई, आपसांत फाटलेला दरबार आणि पगार न मिळालेली फौज उरली.

मग दुसरा तह आला. १८१७ च्या अखेरीस पेशव्यांनी पुण्यात आणि भोसल्यांनी नागपुरात इंग्रजांशी लढाई सुरू केली. शिंद्यांना त्याच सुमारास करारात बांधून घेतले होते. यशवंतरावांचा जुना सोबती अमीरखान इंग्रजांशी वेगळा करार करून टोंकचा नबाब झाला होता. पेशव्यांकडून पगाराचा पैसा येईल या आशेवर होळकरांची फौज क्षिप्रेकाठी महिदपूरला उभी राहिली. लढाईच्या तोंडावर छावणीतच तुळसाबाईंचा वध झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी फौज लढली आणि हरली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला. इंग्रजांतर्फे बोलणी करणारा माणूस पुन्हा माल्कमच होता, आणि होळकरांतर्फे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे.

आता दोन तह शेजारी ठेवा. पहिल्यात तैनाती फौज नव्हती, दुसऱ्यात ती आली. पहिल्यात रेसिडेंट नव्हता, दुसऱ्यानंतर तो इंदुरात बसला. पहिल्यात दक्षिणेतली ठाणी परत मिळायची होती, दुसऱ्यात खानदेशासह सातपुड्याच्या दक्षिणेचा सारा मुलूख गेला. पहिल्या तहाने राजपुतान्यात हात मोकळा ठेवला होता, दुसऱ्याने तिथले सारे हक्क सोडायला लावले. इतर राज्यांशी परस्पर राजकारण करण्याची मुभाही संपली. १८०६ च्या पत्रात जी भीती होती ती बारा वर्षांत कलमवार खरी झाली. १८१७ मध्येही सगळे जण लढले किंवा वाकले ते वेगवेगळे, आपापल्या दिवशी. पुणे, नागपूर आणि महिदपूर या तिन्ही लढाया सात आठवड्यांच्या आत झाल्या, पण एकाची फौज दुसऱ्याच्या मदतीला पोचली नाही.

आणि इथे इंदूर येते. होळकरांची गादी या तहानंतर इंदुरात स्थिरावली. तात्या जोगांनी दिवाण म्हणून पहिले काम केले ते खर्च आवरण्याचे, फौज कमी करण्याचे आणि उजाड गावे वसवण्याचे. यशवंतरावांना जमले नव्हते तेच हे काम होते. सर्जेरावाने जाळलेल्या गावात राजवाडा नव्याने उठला. कारकून, फडणीस, भिक्षुक, वैद्य, शिक्षक यांची घराणी दक्षिणेतून येत राहिली. आज रामबागेत किंवा नारायण बागेत ज्यांची चौथी-पाचवी पिढी नांदते, त्यांच्यापैकी कित्येकांचे मूळपुरुष महिदपूरनंतरच्या या शांततेत इथे आले. तहातल्या फौजेच्या कलमामुळे शेजारी महू छावणी वसली. त्याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ नोकरीला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. तह लिहिणाऱ्यांच्या मनात यांतले काहीच नव्हते.

तेव्हा आपण, इंदूरची मराठी माणसे, एका अर्थी हरलेल्या युद्धानंतरच्या शांततेची लेकरे आहोत. यात लाज वाटण्याचे कारण नाही, पण हे विसरण्याचेही कारण नाही. ज्या शांततेत आपल्या शाळा, ग्रंथालये आणि सभा उभ्या राहिल्या तिची किंमत स्वातंत्र्याने मोजली गेली होती. आणि यशवंतरावांनी राखलेल्या स्वातंत्र्यात लहान राज्यांना आणि स्वतःच्या शिपायांनाही शांतता नव्हती. या दोन वाक्यांपैकी एकच सांगणारा इतिहास अर्धा आहे.

आपल्या घरी मुलांना यशवंतराव सांगाल, तेव्हा मुकुंदऱ्याची गोष्ट सांगाच. पण तिच्यापुढे हे पत्र सांगा, आणि पत्रापुढे दोन्ही तहांची कलमे वाचून दाखवा. मूल विचारील, ‘मग चूक कोणाची?’ उत्तर घाईने देऊ नका. यशवंतरावांनी ‘आपण सगळेच’ असे लिहिले आहे, तेवढे दाखवा.